झबल्यावरचा डाग

झबल्यावर साबण घासला तसा पोटापाशी लालभडक डाग उमटला आणि केतकीच्या काळजाचा ठोका चुकला. रक्त!

बादली तशीच टाकून ती धावली. पाळण्यातल्या लेकीला उघडं करून तिनं मानेपासून तळव्यांपर्यंत पुन्हा पुन्हा चाचपलं. कुठं साधा ओरखडाही नव्हता. गुदगुल्या होऊन लेक मात्र खिदळत सुटली.

"अगं, मघाशी वरणभात सांडलाय तिनं," सासूबाई दारातून म्हणाल्या. "साबण लागला की हळद लाल होणारच!"

केतकी खजील झाली. तिनं डागावर लिंबू पिळलं. बघता बघता तो पुन्हा पिवळा झाला, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

सासूबाईंनी नातीला कडेवर घेतलं. "विचार गं आईला, एमएस्सी कशात केलंस म्हणावं!"

"केमिस्ट्रीत," केतकी म्हणाली, आणि या वेळी लेकीआधी तीच खिदळली.