शीळ

इस्पितळातल्या तपासणीच्या खुर्चीला भोक, खाली भांडं; एक नळी मूत्राशयात, दुसरी गुदद्वारात. म्हाताऱ्या फूंना स्वतःच्या देहाची शिसारी आली. मूत्राशयाचा दाब दाखवणारी मशीनवरची रेघ चढली नाही तर जन्मभर लघवीची पिशवी लटकवावी लागणार होती. बायको जाईपर्यंत तिची पिशवी तेच रिकामी करत. तो वास अजून बोटांतून जात नव्हता. त्यांनी कुंथून जोर लावला. “आजोबा, हा पोटाचा जोर, मशीन तो वजा करतं. मूत्राशयानं आपणहून आवळायला हवं,” नर्स म्हणाली. पडद्याआडून थोरली बहीण खेकसली, “लहानपणी माझ्या मांडीवर बरा मुतायचास!” तिनं शीळ घातली, त्यांच्या चेंगदू शहराच्या गल्ल्यांत बायका तान्ह्यांना मुतवायला गटाराशी धरून घालतात तशी. “शी! ताई, बंद कर!” शीळ थांबेना. रेघ चढली, धार वाजली. ऊन वास वर आला, बायकोच्या पिशवीचाच. नाक दाबायला उचललेला हात त्यांनी डोळ्यांवर ठेवला.