आठच्या आत

साडेसातपर्यंत चोवीस मिस्ड कॉल आले होते. राहिले दोन. एक छावणी भागातल्या मनकर्णाबाईंचा, दुसरा अजिंठ्याहून आबांचा.

अक्षदाने चहा गाळता गाळता यादीवर नजर टाकली. शहरात एकट्या राहणाऱ्या पंचवीस म्हाताऱ्या माणसांची ती यादी. नियम एकच. रोज सकाळी आठच्या आत अक्षदाला मिस्ड कॉल द्यायचा. कॉल आला म्हणजे माणूस उठलं, सगळं ठीक. नाही आला, तर अक्षदा किंवा तिची मैत्रीण सुकेशनी स्कूटी काढून दारात हजर. प्रत्येक घराची जादा चावी दोघींपैकी एकीकडे असायची. ना बॅनर, ना सत्कार, ना पेपरात फोटो. अकराला औरंगपुऱ्यातलं ब्लाउज शिवायचं दुकान उघडायच्या आत समाजसेवा उरकलेली असे.

सव्विसावं नाव तिने स्वतःच खाली लिहिलं होतं. खंडेराव, म्हणजे तिचे आबा. आबा आणि आई गावी दोघंच. शहरात यायला तयार नाहीत. "तुझ्या त्या काडेपेटीएवढ्या खोलीत माझ्या शेळ्या कुठं बांधू?" एवढा एकच प्रश्न आबा विचारत. मग आबांनाही नियम लागू झाला.

गेल्या वर्षी आबा तापाने आजारी पडले, तेव्हा ती आठ दिवस गावी जाऊन राहिली. सुकेशनीही नेमकी परगावी. यादी तिसऱ्याच कुणाच्या हाती दिली, आणि यादीतले बद्रीनाथ गुरुजी दीड दिवस न्हाणीघरात पडून राहिले. ते वाचले, पण अक्षदा आबांच्या खाटेपाशी बसून पोटभर रडली. "मी इथं आले म्हणून तिथं असं झालं," म्हणाली. आबांनी ऐकून घेतलं. तेव्हापासून त्यांचा मिस्ड कॉल एक दिवस चुकला नव्हता.

आताशा चुकत होती ती सुकेशनी. तीन आठवड्यांपूर्वी तिने एकदम सांगून टाकलं, "सोमवार, बुधवार, शुक्रवार मला धरू नकोस."

"का गं?"

"काम हाय."

शाळेत एका बाकावर बसलेली मैत्रीण, आणि उत्तर असं की सरकारी खिडकीतून यावं. अक्षदाने तीन दिवस एकटीने ओढायला सुरुवात केली. जमत होतं. तिला सगळंच जमायचं, हे तिलाही ठाऊक होतं.

परवा मात्र सुकेशनी दुकानात येऊन तिलाच उलट विचारू लागली.

"आबांशी बोललीस का इतक्यात?"

"रोज मिस्ड कॉल येतो की."

"बोललीस का, म्हणते मी."

"रविवारी आईशी बोलले. आबा शेळ्या घेऊन गेले होते. आई म्हणाली, ऊन लई हाय, या महिन्यात येऊ नको."

सुकेशनीने मशीनवरचं कापड सरळ केलं. "बरं," म्हणाली आणि निघून गेली. अक्षदाला राग आला. आपलं काम टाळायचं आणि दुसऱ्याला आईबापाची माया शिकवायची.

आज शुक्रवार. आठ वाजले, तरी दोन्ही कॉल नाहीत. तिने मनकर्णाबाईंना फोन लावला. बंद. सुकेशनीला लावला. उचलला नाही. आबांना लावला. वाजून वाजून थांबला. गावाला शेजारच्या सांडूकाकांना फोन करावा का? पण यादीत मनकर्णाबाईंचं नाव आधी होतं, आणि आपला बाप आहे म्हणून रांग मोडायची नाही, हे तिनेच ठरवलेलं. तिने स्कूटी काढली.

मनकर्णाबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. ठणठणीत.

"फोन चार्जिंगला लावला अन् ध्यानातूनच गेलं बघ. ये, चा घे." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "ती दुसरी पोरगी येत नाय का आता?"

"येईल," अक्षदा म्हणाली. आणि स्कूटीकडे वळली.

सुकेशनीचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, राहणारी ती एकटीच. अक्षदाने ठरवून टाकलं, आज चाव्या परत मागायच्या. मैत्री मैत्रीच्या जागी. वाक्यही तयार होतं. नसेल जमत तर तसं सांग, पंचवीस माणसं, दुकान आणि गावाकडचे आईबाप, सगळं सांभाळते मी. कुणाचं काही अडत नाही.

जिना चढताना पर्समधला फोन एकदाच वाजला आणि थांबला. आबांचा मिस्ड कॉल.

तिचा जीव भांड्यात पडला. उशिरा का होईना, आबा उठले. सगळं ठीक होतं. सांडूकाकांना उगीच त्रास द्यायची गरज उरली नाही. तिने ओढणीने घाम पुसला, चेहरा कडक केला आणि कडी वाजवली.

"दार उघडंच हाय गं सुके," आतून आबांचा आवाज आला. "दिला बाई अक्षदाला मिस्ड कॉल. डोळा लागला हुता, म्हून उशीर झाला. रिक्षा आणली आसशील तर चल, डायलिसिसला पयला नंबर हाय आपला."