भावाचं रक्त

पोह्यांतले शेंगदाणे खाता खाता मंजूषाचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. तिला शेंगदाणे कधीच बाधले नव्हते. बाधायचे ते तिच्या भावाला, अंबरीशला. तिच्या रक्ताच्या कॅन्सरात त्यानंच बोन मॅरो दिला होता. गेल्या वर्षी करोंदच्या चौकात तो ट्रकखाली गेला.

दवाखान्यात इंजेक्शननं ती सावरली. "मॅरो के साथ कभी-कभी एलर्जी भी आ जाती है," डॉक्टर म्हणाले. "अब आपमें खून भाई का ही बनता है."

ते गेल्यावर आई खाटेवर टेकली. मंजूषाच्या सुजलेल्या ओठांवरून हात फिरवत म्हणाली, "अंबरीश, किती दिवसांनी आलास रे!"

"आई, मी मंजू आहे."

"तू जरा गप्प बस गं," आई म्हणाली. "त्याला बोलू दे."