सिंधूच्या वाटणीचं

“भास्करराव, तुमच्या रक्तात लोह कमी झालंय,” बोट टोचून स्वयंपाकघर म्हणालं. ज्याच्या अंगात जे कमी, ते त्याच्या ताटात वाढायचं, एवढंच त्याचं काम.

“सिंधू होती तोवर कधी कमी पडलं नाही!” भास्करराव तडकले.

त्यांच्या बायकोला, सिंधूला, स्वयंपाकघर शेवटपर्यंत हळिवाचे लाडू, राजगिऱ्याची भाजी असं लोहाचं वाढत राहिलं होतं. “मला नाही आवडत, तुम्हीच घ्या,” म्हणत ती सगळं त्यांच्या ताटात सरकवायची, आणि तेही मिटक्या मारत खायचे. मग अशक्तपणानं ती गेलीच कशी, हे कोडं त्यांना आजवर सुटलं नव्हतं.

“बाबा, हा लाडू घ्या,” शेजारी बसलेली सून केतकी आपल्या ताटातला हळिवाचा लाडू पुढे करत म्हणाली. “मला नाही आवडत.”

लाडू धरलेल्या तिच्या बोटांची नखं पांढरीफटक होती.