दोन लाल ठिपके

"वहिनी, तुम्ही घरी जा. संध्याकाळी गाडी दारात आणून लावतो," दीर तिसऱ्यांदा म्हणाला.

"मला कुठं घाई आहे, भावजी," असं म्हणत तिनं स्टूल आणखी पुढं ओढलं.

जाणार कशी? गॅरेजच्या कोपऱ्यात, चाकं काढून ठोकळ्यांवर, तिच्या नवऱ्याच्या जीपची जुळी बहीण शोभावी अशी दुसरी जीप उभी होती. दिराची स्वतःची, विकायला काढलेली. तिचा मागचा शाफ्ट पार खिळखिळा झालाय, हे त्यानंच मागं जेवताना सांगितलं होतं. आणि आज यांच्या गाडीचा तोच शाफ्ट, इंजिनाचा जोर मागच्या चाकांना पोचवणारा दांडा, खोलायला घेतला तर म्हणे घरी जा! कुठंतरी पाणी मुरत होतं.

उद्या सकाळी हीच गाडी शाळेची नऊ पोरं घेऊन डोंगराच्या कच्च्या चढाला लागणार होती, आणि चालवणारा तिचा नवरा होता. त्याच्यापाशी बोलायची सोय नव्हती. सख्ख्या भावाबद्दल तो अवाक्षर ऐकून घेत नसे. गाडी भावावर टाकून तो खुशाल डोळे तपासायला गेला होता.

म्हणून सकाळी तिनंच गोणपाट अंथरलं, गाडीखाली शिरली आणि शाफ्टच्या, दात्यांनी एकमेकांत बसणाऱ्या दोन्ही तुकड्यांवर लेकीच्या नेलपॉलिशचा एकेक ठिपका ठेवून आली. एक जवळून, दुसरा हात लांबवून, अंदाजानं. आता अदलाबदल कर म्हणावं.

दिरानं शाफ्ट सोडवून टेबलावर घेतला. एका हातात खूण ठोकायचा पंच, दुसऱ्या हातात हातोडी. पण फडक्यानं चिखल पुसता पुसता तो थबकला, वाकून पाहिलं, आणि पंच परत खणात टाकला.

"खूण आहेच की," तो स्वतःशीच म्हणाला.

सापडला ठिपका, तिनं ओळखलं. मग वाटलं, बरंच झालं. कळू दे.

त्यानं दातेरी तोंडातून दोन्ही तुकडे ओढून वेगळे केले. दोन्ही टोकांचे क्रॉस, सांध्यातले फुलीसारखे तुकडे, ठोकून काढले. आतल्या बेअरिंगच्या सुया गंजून त्यांची तपकिरी पूड झाली होती. ती त्यानं तळहातावर घेऊन तिला दाखवली. "बघा, दादा कशावर गाडी चालवत होता."

ती पूड या गाडीची की त्या, कोण जाणे! डोळ्यांत तेल घालून ती बसून राहिली. त्यानं नवे क्रॉस बसवले, ग्रीस भरलं, शाफ्ट जोडला. जोडताना एक डोळा मिटून दोनदा त्यावरून नजर टाकली, मान हलवली आणि तसाच गाडीला चढवला.

"चला, फेरी मारू. नाहीतर म्हणाल, न चालवताच दिली."

रस्ता सपाट होता. वेग वाढला तशी सीटखालून थरथर सुरू झाली. आधी बारीक, मग दात वाजतील अशी. दिरानं गाडी वळवली.

बदललाच, ती मनाशी म्हणाली. गाडी गॅरेजातल्या तपासणीच्या खड्ड्यावर उभी राहताच पदर खोचून ती त्याच्या मागोमाग दोन पायऱ्या उतरली. दिव्याच्या उजेडात दोन्ही ठिपके जागच्या जागी होते. तिचेच. एकासमोर एक, अगदी सरळ रेषेत.

सरळ? तिनं कुठं सरळ ठेवले होते?

"समजत नाही, वहिनी," दीर कपाळ पुसत म्हणाला. "हे दोन तुकडे आधी ज्या दात्यांत होते त्याच दात्यांत बसावे लागतात. म्हणून खोलायच्या आधी समोरासमोर खूण करायची, हा आमचा नेम. दादानं ती आधीच करून ठेवलेली. तीच जुळवली मी. मला दोन दाते तिरका वाटत होता. पण म्हटलं, दादाची खूण, माझेच डोळे चुकत असतील." त्यानं खिशातून फोन काढला. "अशी थरथर राहिली तर चढावर आठवड्यात तुटेल. दादालाच विचारतो."

नाव शोधत त्याचा अंगठा फोनवर फिरू लागला.

"भावजी, नका लावू." ती घाईनं म्हणाली. "ते ठिपके माझे आहेत."

"तुमचे? तुम्ही कशाला…"

 तिची नजर आपसूक वर, कोपऱ्यातल्या ठोकळ्यांवरच्या जीपकडं गेली. त्याची नजर तिच्या नजरेमागून गेली आणि तिथंच राहिली.



मग दिरानं फोन खिशात ठेवला. शाफ्ट सोडवला, दोन दाते फिरवून पुन्हा बसवला, नट आवळले. पात्यानं जुने ठिपके खरवडून काढले. हे सगळं तिच्याकडं न बघता.

"त्या रंगाची बाटली आहे का जवळ?"

तिनं पर्समधून बाटली काढून पुढं केली. त्यानं ती घेतली नाही.

"तुम्हीच ठेवा. या वेळी समोरासमोर."

तिनं झाकण फिरवलं. इवलासा ब्रश शाफ्टपाशी नेला, पण डाव्या हाताचा आधार घेतला तसा शाफ्ट जरासा फिरला. दिरानं ग्रीसनं माखलेल्या दोन्ही हातांनी शाफ्ट घट्ट पकडला.

"सावकाश, वहिनी," तो म्हणाला. "मी धरलाय."