थरथरीसकट

कागद कापायचं मशीन थांबलं तशी मुलीने चिकट मॅट बाहेर ओढली, टेबलावर उपडी धरली आणि कागद फाटू न देता अलगद सोडवला. लाल जाड कागदातून एकच शब्द मोकळा झाला. ‘ये’. तिने तो चिमट्याने उचलून पांढऱ्या कार्डावर मांडला आणि कार्ड वडिलांपुढे सरकवलं.

वडील पेंटर. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. चार वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला, आणि आता चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो.

त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला. बराच वेळ पाहिलं.

“अगं, हे माझं अक्षर!”

“मग कुणाचं असणार? सकाळी तुम्हीच ब्रशने लिहिलंत ना?”

“सकाळी लिहिलं ते असं नव्हतं. कुत्र्याचे पाय मांजराला लावले होते मी.”

ती हसली. सकाळच्या कागदाचा तिने फोटो काढला होता, आणि मशीनच्या अ‍ॅपमध्ये एक बटण असतं, ते दाबलं की वेडीवाकडी रेष सरळ होते. कार्डं करून विकायला लागल्यापासून प्रत्येक गिऱ्हाइकाच्या अक्षरावर ती ते दाबत आली होती. आपलं वाकडं अक्षर कुणाला आवडतं? आजही हाताला सवय म्हणून दाबलं गेलं, आणि काय गंमत, त्या थरथरीखालून वडिलांचं जुनं अक्षर जसंच्या तसं वर आलं.

“बरं केलंस,” पेंटर म्हणाले. “उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?” त्यांनी मात्रेवरून बोट फिरवलं. मात्रा अशी डौलदार की कुठल्याही पाटीवर शोभावी. मुलीला फार बरं वाटलं. कित्येक महिन्यांत वडिलांच्या तोंडावर असं काही दिसलं नव्हतं. तिने गोंदाची बाटली उघडली.

कार्ड पेंटरांच्या धाकट्या भावासाठी होतं. पुढच्या आठवड्यात काकांना साठ वर्षं पूर्ण होत होती. सहा वर्षं दोघांत अबोला. दुकान वेगळं करताना पेंटर नको ते बोलले, आणि मोडेन पण वाकणार नाही हा बाणा घरात दोघांनाही सारखाच वाटून आलेला. यंदा पेंटरांनी आपण होऊन कार्डाचं काढलं, तेव्हा मुलीने आश्चर्यसुद्धा दाखवलं नाही. न जाणो, माघार घ्यायचे.

“थांब,” पेंटर म्हणाले. गोंदाचा पहिला थेंब पडायचा होता. “अर्धी पाटी मी रंगवायचो, अर्धी तो. माझं अक्षर त्याच्याइतकं कुणी पाहिलेलं नाही.”

“म्हणून तर! काका बघताक्षणी ओळखतील.”

“ओळखेल. आणि म्हणेल, दादाचा हात अजून तस्साच आहे. ठणठणीत आहे म्हातारा. जाऊ सवडीने.” त्यांनी कार्ड मागे सरकवलं. “त्याला वाटेल, अजून पुष्कळ वेळ आहे.”

परवाच डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा वाढवल्या होत्या.

“मी फोन करून सांगते ना काकांना तुमच्या तब्येतीचं,” मुलगी म्हणाली.

“तू सांगितलंस तर तो तुझ्या शब्दाखातर येईल. बोलावतोय मी. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? सकाळचं आहे तसं काप.”

“तसं कापलं तर कागद फाटतो, बाबा.”

हे खरं होतं, पण पुरतं खरं नव्हतं. तिला ती थरथर बघवत नव्हती. सकाळी ते लिहायला बसले तेव्हासुद्धा ती काहीतरी काम काढून आत गेली होती.

तिने सकाळचा फोटो पुन्हा उघडला. या वेळी बटण दाबलं नाही. रेष जिथे जिथे वळते तिथले ठिपके अ‍ॅप मोजून दाखवतं. मघाशी ते एकोणीस होते, आता चारशेच्या वर गेले. एका रेषेत हात किती वेळा ढळला आणि किती वेळा परत वाटेवर आणला, ते सगळं समोर होतं. तिचे डोळे भरून आले. पदराआड लपवण्याजोगं त्यात काही नाही असं तिला वाटलं, आणि तिने ते पुसलेही नाहीत.

पहिला कागद वरच्या रेषेपाशीच फाटला. तिने दुसरा लावला आणि पात्याचा वेग अगदी कमी केला. मशीन कुरकुरत, अडखळत, वळत चाललं. पेंटर मान खाली घालून ऐकत बसले होते.

“मात्रा चाललीय,” ते मध्येच म्हणाले. तिने पाहिलं, मात्राच चालली होती.

शब्द चिकटवून झाला. कडा कुरतडल्यासारख्या, मात्रा कुठे जाड तर कुठे तुटायला आलेली. पेंटरांनी कार्ड हातात घेतलं तसं तेही हलायला लागलं. चाळीस वर्षांत असली पाटी त्यांनी दुकानाबाहेर जाऊ दिली नव्हती. क्षणभर त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी स्वतःच कार्ड पाकिटात घालायला घेतलं. तीनदा कोपरा अडकला. मुलीने हात पुढे केला नाही.

चौथ्यांदा ते आत गेलं. पाकीट त्यांनी तिच्याकडे सरकवलं.

“पत्ता मात्र तू लिही,” ते म्हणाले. “ठळक लिही. पोस्टात दिवस जायला नकोत.”