डब्याची ट्रायल

“ओरडू नका,” श्रीकांत म्हणाला. “ओरडलं की आवाज फाटते. घरात बोलता तसं बोला.”

श्रीकांत नागपूरहून टेलिफोनचा नवा डबा विकायला आला होता. रिसीव्हर कानाला लावायची गरज नाही. पलीकडचा माणूस सगळ्या खोलीला ऐकू येतो आणि खोलीतलं बोलणं त्याला ऐकू जातं. पांढुर्ण्याचे भिवाजीशेठ संत्र्याचे मोठे अडते. वस्तू पारखून घेतल्याशिवाय त्यांनी आयुष्यात साधी पेटीसुद्धा उचलली नव्हती. तेव्हा डब्याची ट्रायल सौंसरच्या स्वतःच्याच दुकानाला फोन लावून घ्यायची, असं ठरलं.

डबा पसंत पडला तर तो सौंसरच्या दुकानात बसणार होता आणि थोरला मुलगा दिलीप तिथून उठणार होता. तिथल्या बागवाल्यांशी सौदा शेठ इथूनच करणार, पेट्यांवर नजर ठेवायला एक मुनीम पुरे. दिलीपचं धंद्यात मन नाही, हे ते अर्ध्या पांढुर्ण्याला सांगून मोकळे झाले होते. फक्त दिलीपला सांगायचं राहिलं होतं. पोटच्या पोराला ‘तू नको’ म्हणायचं तर भल्याभल्यांची जीभ अडते. आज त्याला बोलावून घ्यायचं आणि एकदाचं सांगून टाकायचं, असा बेत होता. तोवर त्याच्या कानावर काही जाऊ द्यायचं नव्हतं. डब्याचंसुद्धा नाही.

ट्रंक कॉल लागला. धाकटा मुकुंद डब्याजवळ सरकला.

“दादा, मी मुकुंद बोलून राहिलो.”

श्रीकांतने हाताने ‘अजून हळू’ अशी खूण केली. मुकुंदने आवाज आणखी खाली आणला.

“सगळं ठीक आहे. तू घरी निघून ये. वहिनीलेही आण.”

“काहून?” डब्यातून दिलीप म्हणाला. आवाज इतका स्वच्छ, की तो शेजारच्या खोलीत बसलाय असं वाटावं. श्रीकांत खूश झाला.

“असंच. आल्यावर बोलू.”

“बाबा कसे आहेत?”

मुकुंदने वडिलांकडे पाहिलं. शेठनी जोरजोरात मान हलवली. माझं नाव काढू नको. नाव निघालं की हा मला फोनवर मागणार आणि मग काय बोलू? 

“मुकुंदा, बाबा कसे आहेत म्हणतो मी!”

“तू ये आधी,” मुकुंद पुटपुटला.

पलीकडे रिसीव्हर टेबलावर आपटल्याचा आवाज आला. फोन काही बंद झाला नाही. डबा खरखरला आणि मग त्यातून एक हंबरडा बाहेर पडला.

“नलिनी! अवं, बाबा गेले वं!”

भिवाजीशेठच्या हातातली चहाची बशी तशीच हवेत राहिली.

चूक कुणाची म्हणावी? या मुलखात ट्रंक कॉलवर पोटातून ओरडायचं असतं. शेठ भाव सांगायला लागले की जाम नदीपलीकडे सावरगावात ऐकू जातं, असं लोक म्हणत आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. फोनवर आवाज खाली यायचा तो एकाच कारणाने. घरात कुणी गेलं की. तेव्हाही ‘गेले’ असं म्हणत नाहीत. ‘सगळं ठीक आहे, तुम्ही निघून या,’ एवढंच हळू सांगतात. ऐकणारा काय ते समजतो. दिलीप समजला होता.

मुकुंद ओशाळून डब्याकडे झुकला, पण शेठनी त्याचं मनगट धरलं. का धरलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आपल्यामागे पोरगा कसा रडतो, हे कुठल्या बापाला ऐकायला मिळतं?  श्रीकांतचं तर तोंडच उघडं राहिलं होतं.

दिलीप रडत होता. एवढा मोठा माणूस लहान पोरासारखा रडत होता. मधेच नलिनीचा आवाज आला, “सावरा जी, पाणी घ्या.”

“कोणासाठी सावरू वं? त्याईच्यासाठीच तर थांबलो होतो मी. रामाकोन्याच्या शाळेतली मास्तरकी दोनदा नाकारली. आता तिसऱ्यांदा बोलावून राहिले, तरी मनावर दगड ठेवून बसलो. म्हटलं, बाबा एकटे कुठं कुठं पाहतील? ते आहेत तोवर दुकान सोडायचं नाही. मले नाही आवडत वं हा धंदा. कधीच नाही आवडला.”

नलिनी मुसमुसत म्हणाली, “मंग या खेपेले हो म्हणा. आता तरी आपल्या मनासारखं करा.”

“हो म्हणतो,” दिलीप म्हणाला. “आता कोणासाठी नाही म्हणू?”

भिवाजीशेठच्या हातातून बशी सुटली. गादीवर चहा पसरला. ज्याला ‘तू नको’ कसं म्हणावं या चिंतेत ते महिनाभर झुरत होते, तो त्यांच्याचसाठी तिथे अडकून पडला होता.  ते उठले, दोन्ही हातांनी डबा धरला आणि जीव खाऊन ओरडले,

“दिलीप! अरे, मी जिता आहो! जिता आहो मी, बेटा!”

श्रीकांतने कानांवर हात ठेवले. सौंसरला खुर्ची पडली. रिसीव्हर कुणीतरी झडप घालून उचलला.

“बाबा? तुम्हीच बोलून राहिले?”

“मीच, मीच! दिलीप, माझं ऐक. तू आता...”

पण दिलीप ऐकायला थांबलाच नव्हता. डब्यातून त्याचं हसणं आणि रडणं एकदमच येत होतं.

“नलिनी, बाबा जिते आहेत वं! देव पावला! ते नोकरीचं राहू दे आता.”